बोहारणीला गेलेला निळा शर्ट

आमच्या सांगलीच्या घरात स्टीलचा एक उभट डबा आहे. कडीचा, घट्ट झाकणाचा. त्यात बारा महिने भडंग असतं. बाबांना भडंग म्हणजे जीव की प्राण, पण त्या डब्याला त्यांनी आजवर हात लावलेला नाही. आईनं वाटीत घालून पुढं ठेवलं तर आवडीनं खातील. आई घरात नसली तर भुकेले बसतील, पण झाकण उघडणार नाहीत. नव्या माणसाला हे चमत्कारिक वाटतं. आम्हाला वाटत नाही, कारण तो डबा कशाच्या बदल्यात आला ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तो आला बाबांच्या शर्टाच्या बदल्यात. तेव्हा आम्ही बेंगलोरला होतो. (बेंगळुरू म्हणायचं हे मला कळतं, पण आमच्या घरी अजून बेंगलोरच.) बाबा तिथं एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. कारखान्यात अमेरिकेहून एक अवाढव्य यंत्र आलं आणि ते बसवायला वॉल्टर नावाचा एक मेकॅनिक आला. बाबा आणि तो महिनोन्‌महिने त्या यंत्राखाली आडवे पडलेले असायचे. वॉल्टर आमच्याकडे थालीपीठ खायला यायचा आणि मांडी घालताना कण्हायचा, एवढं मला आठवतं. जाताना त्यानं अंगातला डेनिमचा कामाचा शर्ट काढला, धुऊन घडी घातली आणि बाबांना दिला. बाबांनी तो पुढं किती वर्षं वापरला! स्कूटर उघडायची असो, स्टोव्ह दुरुस्त करायचा असो, रविवारी अंगात तोच.

एका दिवाळीच्या आधी बाबा कामासाठी गावाला गेले होते. दारात बोहारीण आली. आईला तिच्याकडचा कडीचा डबा हवा होता आणि ती बाई दोन जुन्या साड्यांवर तो द्यायला तयार नव्हती. "अजून एक कापड घाला." आईनं इकडं तिकडं बघितलं. दाराच्या मागं खुंटीला तो शर्ट होता. विटलेला, कोपरावर पांढरा पडलेला. आईनं तो काढला आणि साड्यांवर टाकला.

बाबा परत आले. खुंटी बघितली, डबा बघितला. एक शब्द बोलले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं, आठ दिवसांत मिटलं असतं. हे न बोलणं चाळीसेक वर्षं चाललंय!

आता बेंगलोरला जायचं कसं ठरलं ते सांगते. माझी भाची इरा तिथं बेळ्ळंदूरला राहते, कॉम्प्युटरवर काहीतरी करते. दिवाळीला ती आली ती एक निळा शर्ट घालून. जाडजूड कापड, दोन खिसे, खांद्यावर शिवणीच्या तीन-तीन ओळी. आई फराळाचं ताट ठेवता ठेवता थांबली. तिनं इराची बाही दोन बोटांत धरली आणि चोळून बघितली.

"कुठं मिळाला गं हा?"

"शिवून घेतला आजी. चामराजपेटमध्ये एक अण्णा आहेत, ते फक्त जुन्या अमेरिकन वर्कवेअरचे रेप्लिका बनवतात. म्हणजे प्रॉपर, एकदम ओल्ड स्कूल."

"आणि विटका का दिला? कापड शिळं होतं?"

"आजी! फेडेडच घेतात. फेडेडचे जास्त पैसे पडतात."

इरानं किंमत सांगितली. आईनं ताट खाली ठेवलं आणि आत निघून गेली. मला वाटलं, किमतीचा धक्का बसला. दुसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता ती मला म्हणाली, "सुमे, मला बेंगलोरला ने. ह्यांना सांगायचं नाही." गुडघ्यांमुळं कोपऱ्यावरच्या गणपतीलाही रिक्षानं जाणारी ही बाई! मी म्हटलं, कशाला? तर म्हणाली, "डोळे मिटायच्या आत त्यांनी एकदा त्या डब्याला हात लावायला पाहिजे. माझे नाही तर त्यांचे." मी तिकिटं काढायला बसले.

बाबांना सांगितलं, इराचं नवं घर बघायला जातोय. त्यांचा जेवणाचा डबा शेजारच्या वहिनींकडं लावला. भडंग? आईनं तीन बरण्यांत काढून ठेवलं. स्टीलच्या डब्यातलं त्यांनी खाल्लं नसतं.

मिरजेहून बेंगलोरला रात्रभराच्या गाड्या आहेत. आमची यशवंतपूरला जाणारी होती. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर खालचा बर्थ मिळेपर्यंत तारीख पुढं ढकला, पण वरच्या बर्थचं तिकीट काढून नशिबावर सोडू नका. आमच्या समोरच्या तरुण मुलानं कानातलं यंत्र न काढता खालचा बर्थ सोडला, त्याचं भलं होवो. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. स्टेशनवरचं काही घ्यायचं नाही हा आईचा नियम, आणि बेळगावला चहा दोनदा घ्यायचा हाही तिचाच.

सकाळी यशवंतपूरला उतरलो आणि मला आईच ओळखू येईना. घरात माझा हात धरून चालणारी बाई प्लॅटफॉर्मवर पुढं पुढं. फाटकाबाहेर रिक्षावाल्याला माझ्या आधी तिनंच गाठलं. "बेळ्ळंदूरिगे बर्तीरा?" इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मी कन्नड ऐकलं नव्हतं.

"बन्नी अम्मा, कूतकोळ्ळी," या, बसा, असं रिक्षावाला म्हणाला, आणि मग जो आकडा बोलला तो ऐकून आईनं जे उत्तर दिलं त्याचा अर्थ मला कळला नाही, पण तो हसला आणि बराच खाली आला. चामराजपेट नंतरसाठी ठेवून आम्ही आधी इराकडं गेलो. ही चूक तुम्ही करू नका! यशवंतपूर शहराच्या एका टोकाला आणि बेळ्ळंदूर दुसऱ्या. रिंगरोडला लागलो आणि तिथंच राहिलो. दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती आणि मधे आम्ही. आई म्हणाली, "इथं माणसं ऑफिसला पोचतात कधी आणि परत कधी निघतात?" इराला विचारलं तर ती म्हणाली, "आजी, म्हणूनच मी घरून काम करते." यशवंतपूरहून तुम्हाला जुन्या शहरात जायचं असेल तर सरळ मेट्रो पकडा. मार्केटला उतरा, तिथून चामराजपेट रिक्षानं हाकेच्या अंतरावर.

दुसऱ्या दिवशी आम्ही शहाणे झालो आणि पहाटेच्या बसनं निघालो. चामराजपेटला पोचलो तेव्हा दुकानं उघडत होती. आधी पोटपूजा. कोपऱ्यावरच्या उभ्यानं खायच्या हॉटेलात ताटाएवढी इडली मिळते, वर लोण्याचा गोळा, आणि स्टीलच्या पेल्यात कापी, म्हणजे तिथली फिल्टर कॉफी. दोघींचं मिळून सांगलीतल्या एका मिसळीएवढं बिल झालं. आईला बसायला जागा नव्हती, तर गल्ल्यावरच्या माणसानं स्वतःचं स्टूल दिलं. तिनं पेला आणि वाटी हातात घेतली आणि कापी उंचावरून ओतून गार केली. लहानपणी मी हे रोज बघत होते, पण सांगलीला आल्यावर ते बंद कधी झालं ते मला आठवेना. मला एकदम रडू आलं. मी चटणी तिखट असल्याचं सांगितलं.

इरानं सांगितलेलं दुकान म्हणजे एका गल्लीतली लांबट खोली. पुढं पिशव्यांचं दुकान, मागं कुंकवाचं, मधे हे. पाटीसुद्धा नाही. आत चार यंत्रं, त्यांतलं एक जुनं, काळं, तीन सुयांचं. तिथं बसलेले गृहस्थ साठीचे. नाव पांडुरंग, पण सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, तरी घरात मराठी. आणि काय मराठी! ऐकत राहावी.

"या अक्का, बसा. स्वल्प थांबा, एवढी बाही ओढून घेतो. सरी, आता सांगा. कुठल्या गावचे तुम्ही?"

आई सांगली म्हणाली आणि लगेच पुढं, "पण आम्ही इथलेच. यशवंतपूरला राहायचो." अण्णांनी पंखा तिच्याकडं वळवला.

आता शर्टाची माहिती सांगते, कारण तुमच्यापैकी काहीजण त्यासाठीच हे वाचत असणार. अण्णांच्या वडिलांचं दुकान कारखान्यांचे गणवेश शिवायचं. पुढं अण्णांनी परदेशी पाठवायच्या मालाची कामं घेतली. त्या काळात एका गिऱ्हाइकानं त्यांना एक जुना फाटका अमेरिकन कामाचा शर्ट दिला आणि सांगितलं, असाच पाहिजे. अण्णांनी तो शर्ट टाका टाका उसवला. "शिवून नाही शिकलो मी हे, उसवून शिकलो," ते म्हणाले. तेव्हापासून त्यांना हे वेड लागलं.

"हा काही फॅशनचा कपडा नव्हे अक्का. रेल्वेच्या एंजिनात कोळसा मारणारे, खाणीतले, शेतातले, त्यांच्या अंगावरचा हा. खांदा बघा, तीन शिवणी. ओझं उचलताना एक शिवण गेली तरी दोन राहतात. काखेत ही बारीक भोकं, वारा जायला. पहिल्यांदा तर हे शर्ट पुढून पूर्ण उघडेच नव्हते. आपला कुडता असतो ना, तसे डोक्यातून घालायचे. घामानं चिकटला की काढताना शिक्षा! मग बटणं खालपर्यंत आली."

"आणि निळाच का?" मी विचारलं.

"मळ दिसत नाही म्हणून. ऑफिसातला साहेब पांढऱ्या कॉलरचा, काम करणारा निळ्या कॉलरचा. तिथं अजून असंच बोलतात." मग ते हसून म्हणाले, "आणि त्या लोकांची ती डंगरी म्हणतात ना, ती आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. तिथलं जाडंभरडं कापड जहाजांतून जायचं. आपलंच गेलं, फिरून आपल्याकडे आलं."

हे ऐकून मी उगाचच ताठ बसले. जणू ते कापड मीच बोटीत चढवलं होतं.

मग आईनं सांगितलं, यजमानांनी पाच-सहा वर्षं वापरलेला असाच एक शर्ट गेला, तसाच हवा. अण्णांनी वहीऐवजी खडू घेतला आणि मेजावरच्या काळ्या कापडावर शर्ट काढायला सुरुवात केली. आईनं डोळे मिटले. तिनं तो शर्ट वर्षानुवर्षं हातानं धुतला होता, तेव्हा तिला तो डोळ्यांपेक्षा हातांनी जास्त माहीत होता. "कॉलरच्या टोकाला जाड होता, तिथं साबण राहायचा. खालच्या शिवणीला दोन्ही बाजूंना एकेक त्रिकोणी तुकडा होता, तो सगळ्यात शेवटी वाळायचा. बटणपट्टीच्या आतल्या अंगाला काठ होता."

"काठ?" मी म्हटलं. "शर्टाला?"

"साडीला असतो तसा. लाल दोऱ्याचा."

अण्णांनी खडू ठेवला, उठले, फळीवरून कापडाचा एक तागा खाली आणला आणि त्याची कड उलगडून आईच्या हातात दिली. पांढऱ्या कडेतून लाल दोरा गेला होता. "जुन्या अरुंद मागावरचं कापड. असला काठ त्यावरच येतो. तुमच्या यजमानांचा शर्ट चांगल्या घरचा होता अक्का."

खिशापाशी मात्र आई अडली. डावा की उजवा, झाकण होतं की नव्हतं. तिथं मी कामाला आले. डाव्या खिशाला कडेला एक चिंचोळी फट होती, पेन्सिल ठेवायची. बाबा रविवारी खाली बसून स्कूटर उघडायचे तेव्हा मी मागून हात घालून ती पेन्सिल पळवायचे. त्यांना कळायचं, पण कळल्याचं दाखवायचे नाहीत. त्या शर्टाला ऑइल आणि रॉकेलचा वास यायचा. जगातला कुठलाही महागडा वास मला अजून तेवढा आवडत नाही.

मग अण्णांनी कापडाची गोष्ट सांगितली, आणि तिथं सगळं बिनसलं. डेनिममध्ये ताणा, म्हणजे उभा दोरा, निळा असतो आणि बाणा, म्हणजे आडवा, पांढरा. निळीचा रंग दोऱ्याच्या फक्त वरवर बसतो, आत दोरा पांढराच. माणूस जसा वापरेल तसा वरचा रंग झिजतो आणि आतला पांढरा बाहेर येतो. कोपर वाकतं तिथं, खिसा घासतो तिथं. "म्हणजे दोन शर्ट एकसारखे कधी होतच नाहीत. बघून सांगता येतं, हा सुतार होता का ड्रायव्हर होता ते."

आई म्हणाली, "म्हणजे तो विटला नव्हता?"

"विटला? छे! पाच-सहा वर्षं वापरला म्हणता ना? तो तर आत्ता कुठं तयार होत आला होता."

आईनं हातातला काठ सोडला. पदरानं तोंड पुसलं. मला अण्णांचा असा राग आला! पण त्या माणसाला काय माहीत? मी स्पष्ट सगळं सांगून टाकलं. बोहारीण, खुंटी, डबा, भडंग. अण्णा ऐकत होते आणि त्यांचा चेहरा पडत चालला. मग ते म्हणाले, "अक्का, आमच्या अम्मानं असले दोन दिले. एका प्लास्टिकच्या बादलीवर. तुमचा तर स्टीलचा डबा!"

आई हसली. डोळ्यांत पाणी आणि हसली. बाजूच्या यंत्रावरची बाईसुद्धा हसायला लागली आणि म्हणाली, तिनं नवऱ्याच्या लग्नातला कोट चाळणीवर दिलाय. तो ताण तिथं सुटला.

खरं भांडण पुढं झालं, आणि ते आई आणि माझ्यात. मी मापाला बाबांचा हल्लीचा सदरा नेला होता. आईनं तो बाजूला सारला आणि स्वतःच्या वितीनं छाती सांगितली, खांदा सांगितला, बाहीची लांबी सांगितली. अण्णांनी तिची वीत टेपनं मोजली आणि माझ्याकडं बघितलं.

"आई, बाबा आता निम्मे राहिलेत. हा शर्ट त्यांच्या अंगावर तंबू होईल."

"होऊ दे."

"अगं, शर्ट कुणासाठी शिवतेयस तू?"

"ज्याचा गेला त्याच्यासाठी," आई म्हणाली. "त्या वेळी त्यांची छाती अशी होती." आणि तिनं दोन्ही हात पसरून दाखवले.

अण्णांनी मधला मार्ग काढला. हे कापड कोरं आहे, पहिल्या धुण्यात चांगलं आटतं. त्यामुळं थोडा मोठा शिवू, गरम पाण्यात भिजवलात की अंगासरशी येईल. मोठाही झाला, लहानही झाला. मग त्यांनी दुसरा तागा काढला. "हे बघा, हे आधीच धुऊन विटवलेलं. याचा शिवला तर आजच चाळीस वर्षांचा वाटेल. तुमचा होता तस्साच."

माझ्या मनात तेच होतं. बाबा ऐंशीच्या पुढं गेलेत. कोरं कापड तयार व्हायला किती वर्षं लागतात ते अण्णांनी आत्ताच सांगितलं होतं. तेवढी वर्षं आणायची कुठून? मी आईच्या कानात तसं म्हटलंही. बोलायला नको होतं, पण बोलले.

आईनं दोन्ही ताग्यांवर हात फिरवला. "कोरंच द्या," ती म्हणाली. "ज्याचं त्यानं विटवावं."

"वेळ लागेल अक्का," अण्णा हळूच म्हणाले.

"लागू दे की. मी कुठं चाललेय?"

शर्टाला आठवडा लागणार होता. तुम्ही जाणार असाल तर तेवढी सवड ठेवूनच जा, आणि घाई करू नका. अण्णांना घाई केलेली चालत नाही. ते हातातलं काम खाली ठेवतात आणि कापी मागवतात.

मधल्या दिवसांत आम्ही यशवंतपूरला आमची जुनी गल्ली शोधायला गेलो. घाऊक बाजाराच्या मागं होती, म्हणजे अजून आहे, पण घरं गेली. कांद्याच्या पोत्यांचे ट्रक गल्लीत उलटे घुसतात. आमच्या बैठ्या घराच्या जागी तीन मजले आणि खाली मोटारी रंगवायचं दुकान. नळ तेवढा राहिलाय. त्याला पाणी नाही. आई त्या नळापाशी उभी राहिली आणि बोटानं हवेत दार काढलं. "हे दार. ती बाई इथं बसली होती. डबा असा ठेवला होता, उन्हात चमकत होता. मला वाटलं, ह्यांना नवीन शर्ट घेऊ दिवाळीला. घेतला पण. चौकडीचा. ह्यांनी तो घातला, छान आहे म्हणाले, आणि परत कधी खाली बसून स्कूटर उघडली नाही. गॅरेजला टाकायला लागले."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, पगार वाढला म्हणून गॅरेज सुरू झालं. मी आईचा हात धरला. रंगाच्या दुकानातल्या माणसानं विचारलं, काही हवंय का? आई कन्नडमध्ये म्हणाली, काही नको, आमचं घर होतं. तो "सरी अम्मा" म्हणाला आणि त्यानं रंगाचा फवारा आम्ही जाईपर्यंत बंद ठेवला.

आठवड्यानं शर्ट तयार झाला. काळपट निळा, पुठ्ठ्यासारखा ताठ. तीन शिवणी, त्रिकोणी तुकडे, आतल्या अंगाला काठ, डाव्या खिशाला पेन्सिलीची फट. आईनं तो चाचपून बघितला, कॉलरचं टोक, खालची शिवण, सगळं. मग कमरेच्या बटव्यातून कुंकवाची डबी काढली आणि कॉलरच्या आत एक बोट लावलं. नवा कपडा तसाच कसा घालायचा? अण्णांनी बघितलं आणि स्वतःच्या यंत्रालाही नमस्कार केला. पैसे देताना त्यांनी शिलाईतला थोडा भाग कमी केला. मी नको नको म्हणत होते, तर म्हणाले, "तेवढं आमच्या अम्माच्या बादलीचं."

परतीच्या गाडीत आईनं ती पिशवी उशाला घेतली.

घरी पोचलो तेव्हा बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. तिन्ही बरण्या रिकाम्या, डबा भरलेला, जागच्या जागी. आईनं चप्पल काढायच्या आधी शर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी चष्मा वर केला. खांद्याची शिवण बघितली. बटणपट्टी उलटी करून काठ बघितला. मग दोन बोटं त्या पेन्सिलीच्या फटीत घातली आणि तशीच ठेवली.

"हा वॉल्टरचा नाही," ते म्हणाले.

"नाहीच," आई म्हणाली. "वॉल्टरचा मी घालवला. हा माझ्याकडनं."

एवढ्या वर्षांत हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा बोललं गेलं. बाबांनी शर्ट अंगात घातला. हात बाह्यांत हरवले. खांदे दोन्हीकडं उतरले. मला बघवेना. "मोठा होतोय," ते म्हणाले, अगदी साधेपणानं.

"धुतला की आटेल. काढा इकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं स्वतः बंबातलं पाणी काढलं. मला हात लावू दिला नाही. पाणी बघता बघता निळंशार झालं. माझी सूचना अशी की हा शर्ट पहिल्या काही वेळा एकटाच भिजवा. आईला हे माहीत नव्हतं असं नाही. वॉल्टरच्या शर्टावरून त्यांची सगळ्यात मोठी भांडणं याचीच व्हायची, त्याचा रंग बाबांच्या बनियनांना लागायचा आणि ती वैतागायची. पण मी न्हाणीघरात डोकावले तर ती दोरीवरची बाबांची पांढरी बनियनं काढून एकेक करत त्याच बादलीत टाकत होती. मी ओरडणार होते. मग दार हळूच लोटून घेतलं.

आता हे सगळं लिहिताना हिशेब मांडतेय, या प्रवासातून काय उरलं. कापीचा वास अजून नाकात आहे. बाबांची स्कूटर कधीच विकली गेली, पण परवा त्यांनी नळाची गळती काढायला प्लंबर बोलावू दिला नाही. शर्ट घालून खाली बसले, अर्धा तास उठता येईना, मग शेजारच्यांना हाक मारून उठवावं लागलं. नळ अजून गळतोय. खिशात पेन्सिल आहे. शर्ट आटून बराच मापात आलाय, पण विटायला अजून सुरुवातही नाही. डाव्या कोपरावर आई रोज बोट फिरवून बघते. मीही बघते. काही दिसत नाही. अजून किती वर्षं लागणार, आणि आमच्याकडं किती आहेत, हे दोघींपैकी कुणी बोलत नाही.

आज दुपारी मी आतल्या खोलीत हे टाइप करत होते. आई अंगणात कपडे वाळत घालत होती. स्वयंपाकघरात कडीचा आवाज झाला. मग झाकणाचा, तो घट्ट झाकण निघताना होतो तसा. मी उठून दारात गेले. बाबा पाठमोरे उभे होते, निळसर बनियनमध्ये, डबा काखेत, एक हात आत कोपरापर्यंत. भडंगाची मूठ बाहेर आली.

अंगणात आईचे हात दोरीवर थांबले होते. तिनं वळून बघितलं नाही.

"झाकण नीट लावा ओ," ती तिथूनच ओरडली, "वातड होतंय!"

"लावतोय," बाबा भरल्या तोंडानं म्हणाले, आणि त्यांनी दुसरी मूठ भरली.